चारपैकी चार

४ जून

ती. आत्यास,
तुझ्या मुंगीचा नमस्कार.

बाळाला परवा पाच महिने झाले. वजन चांगलं आहे. पण एक विचित्र प्रकार चाललाय आणि माझी मती गुंग झाली आहे, म्हणून तुला विचारते. तू विज्ञान शिकवायचीस.

पंधरा दिवसांपासून मी त्याला टोपलीत घालून दुकानात घेऊन बसते. ह्यांच्याकडे गिऱ्हाइकं वाढली आहेत. मी पावत्या लिहिते, काचा पुसते. बाळाच्या पायाला दोरा बांधून दुसरं टोक माझ्या करंगळीला बांधते. तो हलला, रडला की मला कळतं. तर तो रोज ठराविक वेळी रडतो. दर तासाला, अगदी काटा बारावर आला की! आणि सगळ्यांत जास्त दुपारी बारा वाजता. तेव्हा चेहरा लालबुंद होतो. एक वाजता मात्र जेमतेम दचकतो आणि गप्प. दोन वाजता थोडासा रडतो, तीनला त्याहून थोडा जास्त. मी तक्ता केलाय, सोबत पाठवते.

रविवारी मागच्या खोलीचं दार लावून आम्ही आत असतो, तेव्हा काही नाही.

डॉक्टर म्हणाले पोट दुखत असेल. पोटाला घड्याळ कसं कळतं? ह्यांनी त्याचं खुणेचं नाव ठेवलंय, मनगटावर तर्जनीची टकटक. आम्ही त्याला तसंच हाक मारतो. आता हे म्हणतात, नाव ठेवलं आणि पोरगं खरंच घड्याळ झालं. हसतात, पण काळजीही करतात.

तुझी,
मुंगी


९ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तपासून परत पाठवते आहे. तीन चुका. पूर्वी नऊ असायच्या.

तक्ता नीट आखला आहेस. पण निष्कर्ष काढायची घाई करतेस, हा तुझा लहानपणापासूनचा दोष. घड्याळ बघून रडणारं मूल जगात जन्माला आलेलं नाही. तुम्ही त्याला घड्याळ बघून दूध पाजता, म्हणून ते घड्याळाप्रमाणे रडतं. बाराला जास्त रडतं, कारण बाराला भूक जास्त असते आणि काचेतून ऊन येतं. टोपली आत सरकव. दूध अर्धा तास अलीकडे घे. आणि त्या डॉक्टरला सांग की पोट दुखतंय हे पोट तपासून सांगायचं असतं, खुर्चीतून नाही. मला अशा माणसांचा संताप येतो.

दुसरं. बाळाशी हातांनी बोलायला सुरुवात केलीत ना? ऐकू येतं का ते तपासत बसू नका. ते तपासायला काय उरलंय? मी लग्नाच्या वेळीच कागदावर काढून दिलं होतं. आईबाप दोघंही जन्मापासून बहिरे, दोघांच्याही घराण्यात आधी कोणी ना कोणी तसं. चारपैकी चार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तू काय कमी आहेस?

आत्या


१८ जून

ती. आत्यास,

टोपली आत सरकवली. दुधाची वेळ बदलली. काही फरक नाही. काल तर बारा वाजता इतका रडला की शेजारची शिंपीण धावत आली आणि माझ्याकडे बघून भिंतीकडे हात करत काहीतरी म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ओठ वाचता आले नाहीत. मी तिला पाणी दिलं. तिला पाणी नको होतं.

अजून एक. त्याला पाठीमागचं दिसतं. खरंच. काल हे मागून येत होते, त्यांच्या हातातला डबा पडला. बाळाचं तोंड माझ्याकडे होतं आणि त्याने झर्रकन मान वळवली. हे म्हणाले, जमीन हादरली असेल, त्याला पाठीतून कळलं असेल. आपल्यालाही कळतंच की. पण टोपली तर उशीवर ठेवलेली होती.

शनिवारी सासूबाई येणार आहेत, आठ दिवसांसाठी. त्या येण्याआधी हे रडणं थांबलं तर बरं. नाहीतर म्हणतील, मुलाला सांभाळता येत नाही.

मुंगी


२६ जून

सौ. विहीणबाईंस,
नमस्कार.

मी चार बुकं शिकलेली बाई, तुमच्यासारखी पोपटपंची मला येत नाही. तेव्हा सरळ लिहिते.

मी शनिवारी सकाळी पोचले. दुकानाच्या भिंतीवर दुरुस्त झालेली, ठोके देणारी पाच घड्याळं लावलेली आहेत. माझा मुलगा आठवडाभर चालवून बघितल्याशिवाय घड्याळ परत देत नाही. बारा वाजले आणि पाचही घड्याळं एकदम सुरू झाली. साठ ठोके! माझे कान किटले. आणि टोपलीतलं पोर किंचाळून उठलं. माझा मुलगा डोळ्याला भिंग लावून शांतपणे काम करत होता आणि सूनबाई पावती लिहीत होत्या. दोघांना पत्ताच नाही.

मी बाळाच्या मागे उभी राहून टाळी वाजवली. वळून बघितलं. चमचा वाजवला. वळून बघितलं आणि हसलंसुद्धा. विहीणबाई, या मुलाला तुमच्याआमच्याइतकं ऐकू येतं.

देव पावला म्हणून मी रडायलाच बसले होते. मग मला तुमचा कागद आठवला. लग्न ठरवताना मी विचारलं होतं की मुलं कशी होतील, आणि तुम्ही माझ्या समोर चौकोन आखलात, त्यात चार घरं केलीत, चारही घरांत तेच अक्षर घातलंत. खाली लिहिलंत, "चारपैकी चार". वर सही केलीत, हुद्द्यासकट. मी तेव्हाच मनाची तयारी केली आणि मुलगी पसंत केली. कागद मी कपाटात जपून ठेवला होता. आता जाऊन आणला आणि मुलासमोर ठेवला.

मी कोणावर आळ घेत नाही. पण कागद खरा असेल तर हे मूल आमचं कसं? आणि मूल आमचं असेल तर कागद खोटा कसा? तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा.

मुलगा दोन दिवस हात खिशात घालून बसलाय. हातच बाहेर काढत नाही, म्हणजे बोलतच नाही. दुकानातच झोपतो.

आपली,
बाळाची आजी


३० जून

चि. मुंगीस,

तुझ्या सासूचं पत्र आलं. पत्र कसलं, आरोपपत्र! "मी आळ घेत नाही" म्हणायचं आणि आळाचं गाठोडं दारात टाकून जायचं. माझाच कागद माझ्याच भाचीवर उगारते! त्या बाईला म्हणावं, कागद मी तुमच्या समाधानासाठी काढला होता, कपाटात ठेवून पुढे साक्षीला काढायला नव्हे. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं, हात खिशात घालून बसणं म्हणजे तोंड फिरवणं. शोभत नाही.

शिंपीण तुला घड्याळंच दाखवत होती, हे आता कळतंय. आणि मी तुला टोपली सरकवायला सांगितलं. चौतीस वर्षं मी मुलींना सांगत आले, आधी बघा मग बोला.

तरी मला काही कळेनासं झालंय. मूल ऐकतं, हे खरं धरू. म्हणजे तो चौकोन चुकला. पण चौकोन चुकत नाही, मुंगी. मी तो हजारदा फळ्यावर काढला आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवला तेव्हापासून तो माझ्या हातात बसला आहे. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. दोन्ही बुटके असतील तर उंच येणार कुठून? दवाखान्यात बाळांची अदलाबदल झाली असेल का? त्या दिवशी आणखी किती बाळंतपणं झाली होती? पायाला पट्टी होती का? नर्सचं नाव आठवतं?

रात्रभर विचार केला. जेवढा करते तेवढा गुंता वाढतो. एकच विचारते. मी तुला वाढवलं आहे, माझ्यापासून काही लपवायचं कारण नाही. जे असेल ते मला खरं सांग. मी रागावणार नाही.

आत्या


(पाकिटात आत्याचंच ३० जूनचं पत्र परत. दुसरा कागद नाही. "जे असेल ते मला खरं सांग" या ओळीखाली लाल शाईने दोनदा रेघ. समासात लिहिलेलं: "हे वाक्य चूक आहे.")


१४ जुलै

चि. मुंगीस,

माझं पत्र पोचलं. लाल शाई पोचली.

तू लाल शाई कधी विकत घेतलीस?

उत्तर लिही.

आत्या


२५ जुलै

चि. मुंगीस,

अकरा दिवस झाले. पोस्टमन मला बघून रस्ता बदलतो, कारण मी त्याला रोज पिशवी उलटी करायला लावते. त्याचं काही चुकत नाही, पण मला कोणावर तरी ओरडायला हवंच होतं.

उद्या मी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाते आहे. तिथे आनुवंशिक आजारांच्या विभागात माझी एक जुनी विद्यार्थिनी डॉक्टर आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसून बाकाखाली विणकाम करायची, म्हणून आम्ही तिला सुईवाली म्हणायचो. मी तिचे स्वेटर दोनदा जप्त केले होते. आता तिच्या दारात वेळ मागून उभी राहणार. असो.

आत्या


२ ऑगस्ट

चि. मुंगी आणि जावईबापू, दोघांनाही,

आमच्या सिस्टरचा एक नियम होता. चूक केलीस तर उभी राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. बसून मागितलेली माफी त्या मान्य करायच्या नाहीत. तुम्हाला ऐकू जाणार नाही, म्हणून लिहिते आहे. पण उभी राहून. कपाटाच्या वरच्या कप्प्यावर कागद ठेवला आहे. पाय दुखतायत. दुखू देत.

सुईवालीला मी सगळं सांगितलं आणि माझा चौकोन काढून दाखवला. ती हसली. मी म्हटलं, "हसायला काय झालं?" तर म्हणते, "टीचर, तुम्ही आम्हाला वाटाणे शिकवलेत. माणसं नाही शिकवलीत." बघा, जप्त केलेल्या स्वेटरचा सूड माणूस किती वर्षांनी उगवतो.

मग तिने समजावलं. तिथे बसले होते तोवर समजलं, बसमध्ये चढले आणि निम्मं सांडलं. उरलेलं लिहिते. ऐकू येणं हे एका जनुकाचं काम नाही. शंभरावर जनुकांनी आपापलं काम केलं, तर कान चालतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. त्यातली एक धड असली तरी बहुतेक वेळा भागतं. दोन्ही बिघडल्या तर कान बंद. पण बिघाड शंभर ठिकाणी होऊ शकतो, आणि बाहेरून सगळं बहिरेपण सारखंच दिसतं! मुंगीचा बिघाड एका जागी असेल, जावईबापूंचा भलत्याच जागी. मग बाळाला मुंगीकडून त्या दुसऱ्या जागेची धड प्रत मिळाली आणि बापाकडून पहिल्या जागेची. दोन्ही जागी एक एक चांगली. मूल ऐकणारच. असं असेल तर तुमची सगळी मुलं ऐकतील. पुन्हा चारपैकी चार, पण उलटी!

मी दोघांच्या बहिरेपणाला एकच अक्षर दिलं. चूक ती होती. चौकोन बरोबर होता, त्यात मी भरलेलं चुकीचं होतं. दोघांचा बिघाड एकाच जागी असता, तर माझा कागद खराही ठरला असता. पण ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी सही केली. हुद्द्यासकट.

सुईवाली पुढेही बरंच बोलली. काही बहिरेपण फक्त आईकडून उतरतं म्हणे, बापाचा तिथे संबंधच नाही. काही जनुकं दुसऱ्याला दाबून टाकतात. काही ठिकाणी दोघं मिळून तिसरंच रूप देतात, जे आईचंही नाही आणि बापाचंही नाही. मी म्हटलं, "बाई, थांब. इतके अपवाद असतील तर नियम कुणासाठी आहे?" ती म्हणाली, "वाटाण्यांसाठी. आणि तेही सगळे ऐकत नाहीत." चौतीस वर्षांच्या मुली माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. किती जणींना मी ठामपणे काय काय सांगितलं असेल!

रक्त तपासता येतं. दोघांचं आणि बाळाचं. बिघाडाची जागा सापडेल किंवा सापडणारही नाही, हेही तिने सांगितलं. तिचा पत्ता मागे लिहिला आहे. तपासायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आता कुणाला काही ठरवून देणार नाही.

जावईबापू, माझ्या कागदामुळे तुमच्या घरात जे झालं, त्याचा दोष माझा आहे, मुंगीचा नाही. विहीणबाईंचाही नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला एवढंच त्यांचं चुकलं.

मुंगी, तुझी चूक नव्हती आणि मी तुला विचारलं. ती ओळ मी चौकोनावर विश्वासून लिहिली. तुझ्यावर विश्वासून काय लिहिलं असतं, ते आता रोज सुचतं.

तुमची,
आत्या


११ ऑगस्ट

आत्याबाईंस,
नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. लिहायच्या त्या पावत्या, त्याही हीच लिहिते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन पानं लिहिलीत. मला आधी विचारलं असतंत तर चार ओळींत झालं असतं. माझ्याकडे रोज बंद घड्याळं येतात. दोन घड्याळं एकाच कंपनीची, दोन्ही बंद. बाहेरून बघितलं तर सारखीच बंद. एकाची स्प्रिंग तुटलेली असते, दुसऱ्याच्या चक्राचा दात गेलेला असतो. ह्याचं धड चक्र घ्यायचं, त्याची धड स्प्रिंग घ्यायची, एक घड्याळ चालू होतं. हे मी वीस वर्षं करतोय. आईने तुमचा कागद समोर ठेवला तेव्हा माझ्यासमोर तेच काम होतं, उघडं पडलेलं. मला दिसलं नाही. तुमच्या सहीकडे बघत बसलो.

मी शंका घेतली. एकदाच घेतली, पण घेतली. ते हिला कळलं. माझे हात बंद होते तरी कळलं.

पत्र वाचल्यावर मी हिच्यासमोर जाऊन ते घड्याळांचं सगळं हातांनी सांगितलं. ती बघत राहिली. मग तिने एकच खूण केली, "उशीर". मी मान खाली घातली. त्या दिवसापासून आत झोपतो.

मी म्हटलं, रक्त तपासायची गरज नाही, मला पटलं. ही म्हणाली, तुला नको असेल, मला पाहिजे. तिघांचं रक्त काल पाठवलं.

आई अजून इथेच आहे. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं, म्हणजे तिनेच वाचलं. म्हणाली, "म्हणजे दोष दोन्हीकडचा?" मी म्हटलं, आणि चांगलं पण दोन्हीकडचं. त्यावर ती दोन दिवस गोंधळात आहे. मधेच मला विचारते, "पण मग चार घरांचं काय?"

भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांचे ठोके मी काढून ठेवलेत. बाळ आता रडत नाही.

आपला,
जावई


२० सप्टेंबर

ती. आत्यास,
मुंगीचा नमस्कार.

सुईवाली डॉक्टरांचा निकाल आला. दोन वेगळ्या जागा सापडल्या. अक्षरं आणि आकडे आहेत, मला वाचता येत नाहीत, पण दोन ओळी आहेत आणि त्या सारख्या नाहीत, एवढं दिसतं. बाळाला दोन्हींची एकेक धड प्रत आहे. सासूबाईंकडून तुझा जुना कागद मागून घेतला आणि त्याच्यावर निकाल चिकटवला. आता खालचं काही दिसत नाही, फक्त कोपऱ्यात तुझा हुद्दा दिसतो. कपाटात परत ठेवायला त्यांच्याकडेच दिला. त्या म्हणाल्या, "मला आधीच वाटलं होतं, नाक आमचं आहे." मी हात खिशात घातले.

मला ह्यांचा राग आला होता. तुझा जास्त आला होता. ते मला चार वर्षांपासून ओळखतात. तू मला पेन्सिल धरायला शिकवलीस.

तुला एक सांगते. इतर कुणाला सांगितलेलं नाही. बाळाला ऐकू येतं असं कळलं तेव्हा सासूबाई रडल्या, शिंपीण नाचली. मला पहिल्यांदा भीती वाटली. तो आमच्यासारखा असेल अशी माझी तयारी होती. त्याच्यासाठी मी केवढ्या खुणा जमवून ठेवल्या होत्या. आता तो अशा घरात राहील जे मला कधी दिसणार नाही. तुझ्या कागदाने मला आधार दिला होता, आत्या. तो चुकीचा निघाला याचा मला आनंद आहे की दुःख, हे अजून कळलेलं नाही. कुठल्या तक्त्यात बसत नाही.

मी ह्यांना सांगून एका घड्याळाचा ठोका परत बसवून घेतला. बारा वाजायला आले की बाळाला कडेवर घेते आणि घड्याळाच्या लाकडावर तळहात टेकवते. बारा धक्के येतात. मी मोजते. तो आता रडत नाही, माझ्या हाताकडे बघतो आणि मग माझ्या तोंडाकडे. काल नवव्या धक्क्याला त्याने स्वतःच्या मनगटावर बोट आपटलं. त्याचं नाव. मला सांगत होता की घड्याळ त्याला हाक मारतंय. निदान मला तसं वाटलं. तू म्हणशील, निष्कर्ष काढायची घाई.

ठोका ऐकायला कसा असतो? धक्क्यासारखाच की वेगळा? सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ठणठण." शिंपीणही म्हणाली, "ठणठण." तू नीट सांग. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही.

तुझं २ ऑगस्टचं पत्र तपासून परत पाठवते आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. लाल शाई कुठे लागली नाही.

आता खाली बस, आत्या.

तुझी,
मुंगी